शरदातील पाहुणे आणि मोकळ्या जमिनीचा प्रश्न

भाद्रपद सरत येतो, पावसाचा जोर ओसरतो आणि मुंबई-पुण्याच्या उपनगरांत दरवर्षी एक घटना घडते. कोणत्याही महानगरपालिकेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तिची नोंद नसते. उद्यानातील ओल्या पायवाटेवर, गटाराच्या काठाशी किंवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीजवळ एक सडपातळ पक्षी एके सकाळी दिसू लागतो. पाठ राखी, पोट पिवळसर, आणि शेपटी सारखी खालीवर हलणारी. हा करडा धोबी. कोणी त्याला परीटही म्हणतात. हिमालयात आणि त्याही पलीकडच्या डोंगराळ प्रदेशात, वाहत्या ओढ्यांच्या काठी वीण आटोपून तो दक्षिणेकडे उतरतो. मार्च-एप्रिलपर्यंत येथे राहतो आणि पुन्हा निघून जातो. असे पक्षी वर्षानुवर्षे त्याच मुक्कामी परततात, हे पायांत कडी अडकवून केलेल्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्याला नागरिक ‘आपल्या इमारतीमागची मोकळी जागा’ म्हणतात, ती हजारो मैलांवरून येणाऱ्या एखाद्या जीवाच्या लेखी ठरलेला पत्ता असतो.

धोब्यामागोमाग इतरही येतात. मध्य आशियातून व पूर्व युरोपातून निघालेल्या भोरड्यांचे थवे ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच झाडांवर कलकलाट करू लागतात. ऑक्टोबरात लाल छातीचा माशीमार उद्यानातील करंजाच्या सावलीत किडे टिपताना दिसतो. पुढे थिरथिरा येतो. शेपूट थरथरवण्याच्या सवयीवरूनच त्याला ते नाव पडले आहे. हळद्याची पिवळी झळाळी पिंपळाच्या पानांआड चमकून जाते. याच दिवसांत नवरंग मध्य भारतातील व सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांतून दक्षिण भारताकडे आणि श्रीलंकेकडे परततो. रात्रीच्या प्रवासात थकून किंवा काचेवर आपटून तो कधी उपनगरातील एखाद्या गॅलरीत पडलेला आढळतो. आणि झुडपात लपून ‘चक् चक्’ एवढाच आवाज करणारा, मातकट रंगाचा, क्वचितच कोणाच्या नजरेस पडणारा ब्लिथचा वटवट्या! वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. परंतु फिनलंड-रशियापासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातून तो भारतात हिवाळा काढावयास येतो.

हा चैनीचा विषय नव्हे

पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्याला हे वर्णन वाचून प्रश्न पडणे साहजिक आहे. झोपडपट्टीत पाणी नाही, कंत्राटी सफाई कामगाराला वेळेवर वेतन नाही, आणि अशा वेळी पाखरांची चर्चा कशासाठी? दुर्बिणी गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा हा छंद. त्याचा चळवळीशी काय संबंध?

या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. दुर्बीण महाग असते. अभयारण्यातील सफारीचे दर सामान्य कुटुंबाला परवडत नाहीत. आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे वेळ. पक्षी ज्या वेळी सर्वाधिक हालचाल करतात त्या सकाळच्या दोन तासांत डोंबिवली-विरारचा नोकरदार लोकलच्या दारात लटकलेला असतो आणि घरकामगार स्त्री तिसऱ्या घरची भांडी घासत असते. फुरसतीचे वाटप उत्पन्नाच्या वाटपाइतकेच विषम आहे.

परंतु याच कारणास्तव उपनगरातील उद्यान आणि घरामागचे परसदार यांचे महत्त्व वाढते. येथील पक्षी पाहण्यास तिकीट नाही, वाहन नाही, रजा नाही. मुलाला शाळेत सोडून परतताना, नळाला पाणी येण्याची वाट पाहताना, रात्रपाळी संपवून घरी येताना तो दिसू शकतो. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे याहून निखळ उदाहरण सापडणे कठीण. आणि सार्वजनिक वस्तूंविषयीचा जुना सिद्धांत येथेही लागू पडतो: ज्या वस्तूचे मोल घेता येत नाही ती बाजार पुरवीत नाही, उलट तिची जागा विकता येत असेल, तर ती विकून टाकतो. धोबी कोणाकडून भाडे घेत नाही व कोणाला देत नाही. तो ज्या भूखंडावर चरतो त्याचा भाव मात्र दर चौरस फुटाला ठरलेला असतो. तेव्हा प्रश्न पाखरांच्या आवडीनिवडीचा नसून, मोकळी जमीन कोणाची आणि कशासाठी, हा आहे.

तण नावाची शिदोरी

या पाहुण्यांना लागते तरी काय? थोडी उघडी माती, थोडे उंच गवत, चार दाट झुडपे, वड-पिंपळ-उंबर यांच्यासारखे एखादे जुने झाड, जवळपास पाणी आणि रात्री अंधार. शरदात यांपैकी बहुतेक गोष्टी निसर्ग फुकट देतो. पावसाळ्यात माजलेले गवत आश्विनात फुलोऱ्यावर येते. त्याच्या बियांवर मुनियांचे थवे जगतात. आघाडा, टाकळा, रानतुळस यांच्या आधाराने कीटक वाढतात आणि त्या कीटकांवर वटवटे व माशीमार पोसले जातात. लांबच्या प्रवासानंतर ओसरलेली शरीरातील चरबी भरून काढण्याची हीच वेळ असते.

नेमक्या याच सुमारास उद्यानांत साफसफाईची मोहीम सुरू होते. पावसाळा संपला, दिवाळी तोंडावर आली, म्हणून गवत कापले जाते, झुडपे छाटली जातात, पालापाचोळा गोळा करून जाळला किंवा वाहून नेला जातो. सरकारी भाषेत ते ‘तण’ असते. पक्ष्यांच्या हिशेबी ती शिदोरी असते. पाठोपाठ ‘सुशोभीकरण’ येते: फरशीची पायवाट, सिमेंटचे कठडे, रंगीत कारंजे, आयात केलेले हिरवळीचे गालिचे आणि झाडांच्या खोडांना गुंडाळलेल्या विजेच्या माळा. लहान स्थलांतरित पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात आणि प्रखर दिव्यांनी त्यांची दिशा चुकते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. तरीही मध्यरात्रीपर्यंत जळणाऱ्या दिव्यांची निविदा निघते, बिल मंजूर होते आणि फीत कापली जाते. गवत तसेच वाढू देण्यास मात्र काहीच खर्च येत नाही. ज्या कामात खर्च नाही त्यात कंत्राटही नाही. ते होत नाही त्याचे कारण बहुधा हेच असावे.

झुडुपांचे सरसकट गुणगान करण्याचे कारण नाही. घाणेरी ही परदेशातून आलेली वनस्पती. तिने रानेच्या राने गिळली आहेत. डास व साप यांची भीतीही खोटी नव्हे. विशेषतः ज्यांची लहान मुले वस्तीलगत उघड्यावर खेळतात त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. म्हणून सगळे उद्यान रान व्हावे अशी मागणी कोणी करीत नाही. एका कोपऱ्यातील, समजा, चौथा हिस्सा जागा मार्गशीर्षापर्यंत कापू नये, एवढीच ती माफक मागणी आहे.

उद्यानांच्या जोडीला परसदारे होती. गावठाणांतील वाड्या, बैठ्या चाळींमागची अंगणे, पुण्यातील कोथरूड-सहकारनगरसारख्या भागांत सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांची आवारे. शेवगा, पेरू, कढीपत्ता, जास्वंद, धुण्याच्या पाण्यावर वाढलेली अळूची पाने. शिंजीर, शिंपी, दयाळ, बुलबुल यांचा संसार त्यांवर चालत असे आणि शरदातील पाहुण्यांची सोयही होई. पुनर्विकासात इमारतींबरोबर हे आवारही जाते. नव्या रचनेत खालचे दोन-तीन मजले मोटारींसाठी आणि त्यांच्या छतावर ‘बाग’. त्या बागेखाली जमीनच नसते. स्लॅबवर पसरलेल्या मातीच्या थरात पिंपळ रुजत नाही, पाणी मुरत नाही. कागदोपत्री हिरवळ कायम राहते, माती मात्र नाहीशी होते. सभासदाला मोठी खोली हवी असते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु वाटाघाटींत चटईक्षेत्राचा एकेक फूट मोजणाऱ्या सर्वसाधारण सभेने आवारातील जुन्या झाडांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कितीदा घेतला?

घरे की पाखरे?

मोकळ्या जागेचा आग्रह धरताच एक ठरावीक उत्तर मिळते: गरिबांना घरे हवीत, पाखरांसाठी जमीन अडवणे हा श्रीमंतांचा हट्ट आहे. हे उत्तर देणारे बहुधा स्वतः बांधकामाच्या धंद्यात असतात, हा योगायोग बाजूला ठेवला तरी इतिहास त्यांच्या बाजूने नाही.

गिरणगावाचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवे. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकाला, अशी ती विभागणी होती. २००१ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली: विभागणी सबंध जमिनीची न करता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाची करावयाची. ही दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अमान्य केली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली. परिणाम काय झाला? मैदान आकसले आणि त्याच लेखणीने कामगारांच्या घरांचा वाटाही आकसला. मैदान व घर यांची स्पर्धा तेथे नव्हतीच; दोघांचाही हिस्सा एकाच तिसऱ्या पक्षाकडे गेला. मुंबईत आज माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा येत नाही. ती इतकी कमी आहे म्हणून कामगारांना घरे मिळाली, असे कोणी सिद्ध करून दाखवावे.

दुसरे उदाहरण गोरेगावच्या आरे वसाहतीचे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झाडे वाचविण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. निदर्शकांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो ही सार्वजनिक वाहतूक आहे, ती सामान्य प्रवाशाच्या उपयोगाची आहे, आणि ती सुरूही झाली आहे. तिला विरोध करण्याचे समाजवादी माणसाला कारण नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आणि निर्णयाच्या पद्धतीचा होता. ज्या पाड्यांवर वारली आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्या शेजारची झाडे रात्रीच्या अंधारात पाडावी लागली, यातच त्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट झाले. आणि महिना ऑक्टोबरचा होता. उत्तरेकडून आलेले पाहुणे त्या रानात नुकतेच उतरू लागले होते.

उलट बाजूचे उदाहरणही दूर नाही. माहीम आणि धारावी यांच्या मध्ये, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकर जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. सार्वजनिक प्रयत्नांतून त्या कचऱ्यावर माती घालून झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे आणि शंभराहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. गोल्फच्या मैदानाशेजारी नव्हे, देशातील सर्वांत दाटीच्या कष्टकरी वस्तीशेजारी हे घडले. इच्छा असेल तर कचऱ्याच्या ढिगाचे रान करता येते. मग असलेल्या रानाचा कचरा का करावा?

ज्ञान कोणाचे?

पक्ष्यांविषयीच्या ज्ञानाचा प्रश्नही वर्गाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. डॉ. सलीम अली यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. १९३० च्या सुमारास नोकरी गेलेली असताना किहीमच्या मुक्कामात त्यांनी घराजवळच्या सुगरणींची घरटी चिकाटीने न्याहाळली. नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी ती पारखून स्वीकारते आणि मगच ते घरटे पुरे होते, हे त्यांनी दाखवून दिले. मोठे संशोधन परसदारातही होऊ शकते, याचा हा पुरावा. मात्र पुढे भरतपूर आदी ठिकाणी स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी हजारो पक्षी इजा न होता पकडून त्यांच्या पायांत कडी घालावी लागली, तेव्हा ते कसब होते बिहारमधील मीरशिकार समाजाच्या हाती. महाराष्ट्रातील पारध्यांपाशीही पाखरांच्या आवाजांचे आणि सवयींचे असेच पिढीजात ज्ञान होते. त्या समाजावर इंग्रजी राज्याने १८७१ च्या कायद्यान्वये गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायद्यातून १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून अद्याप पुसला गेलेला नाही. आजही एखाद्या उद्यानात कोणत्या झाडावर कोणते घरटे आहे हे तेथील कंत्राटी माळ्याला जितके ठाऊक असते तितके उद्यान अधीक्षकाला क्वचितच असते. त्या माळ्याला कोणी विचारीत नाही.

असे असले तरी अलीकडच्या काळात या क्षेत्रात एक आशादायक गोष्ट घडली आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर आधारलेला आहे. त्यांतील बहुसंख्य माणसे पगारी शास्त्रज्ञ नव्हेत. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, गृहिणी आहेत. घराजवळच्या तळ्याकाठी, उद्यानात, गच्चीवर त्यांनी पाहिले व लिहून ठेवले. या श्रमातून निष्पन्न झालेले चित्र गंभीर आहे. ९४२ जातींचा आढावा घेतला गेला; त्यांपैकी ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल निश्चित करता आला त्यांतील साठ टक्क्यांची संख्या घटली आहे. दूरवरून येणाऱ्या स्थलांतरितांची अवस्था विशेष चिंताजनक आहे. पारवे, कोकिळ, मोर यांच्यासारखे माणसाच्या सावलीत सहज जगणारे पक्षी मात्र वाढत आहेत.

या शेवटच्या वाक्यात भूतदयेच्या समर्थकांसाठीही विचाराचा विषय आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. पारव्यांना पोतेभर दाणे टाकणाऱ्याच्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु दाणे टाकल्याने पारवे वाढतात, आणि वटवट्याला दाणा नको असतो. त्याला किड्यांनी भरलेले झुडूप हवे असते. दान व्यक्तीला करता येते, झुडूप मात्र समाजालाच राखावे लागते. दयेची जागा धोरणाने घेतली पाहिजे, हे समाजवादाचे म्हणणे पाखरांनाही लागू पडते.

कार्यकर्त्यांपुढील काम

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या आठवड्यात चित्रप्रदर्शने भरतात, भाषणे होतात, शाळकरी मुले फलक रंगवतात. या उत्सवाला आशय देण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावयास हवे आणि ते फारसे अवघड नाही.

पहिले काम कागदाचे आहे. प्रत्येक प्रभागाच्या विकास आराखड्यात उद्यान, मैदान, हरितपट्टा अशी आरक्षणे असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ अन्वये, आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण संपुष्टात येते. कितीतरी उद्याने अशी कागदावरच जन्मतात आणि कागदावरच मरतात. २०२२ नंतर बराच काळ राज्यातील अनेक महानगरपालिका निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात अशा किती नोटिसा आल्या आणि त्यांवर काय निर्णय झाले, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारले पाहिजे. आपल्या प्रभागातील आरक्षित भूखंडांची यादी शाखेच्या भिंतीवर लागली पाहिजे.

दुसरे काम झाडांचे. नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. तोडीच्या प्रस्तावाची नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. पक्ष्यांच्या नोंदी येथे पुरावा ठरतात. ‘हे झाड सुंदर आहे’ या म्हणण्याला वजन नसते. ‘या उंबरावर तीन वर्षे, अमुक तारखांना, अमुक पक्षी आढळले’ या म्हणण्याला असते. म्हणून मोहल्ल्यातील दोन-चार तरुण-तरुणींनी एक वही घालून सप्टेंबर ते मार्च नोंदी ठेवाव्यात. त्यास दुर्बीण अपरिहार्य नाही. नजर, कान आणि नियमितपणा पुरतो.

तिसरे काम उद्यानांच्या कारभाराचे. दाट झुडुपांचा कोपरा राखणे, आश्विनात सरसकट गवतकापणी न करणे, रात्री ठरावीक वेळेनंतर दिवे मालवणे, पहाटेपासून दरवाजे सर्वांना खुले ठेवणे आणि फाटक्या कपड्यांतील मुलाला हाकलण्याचा अधिकार पहारेकऱ्याला नसणे, या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. त्यांच्याच जोडीला कंत्राटी माळ्यांना कायम करण्याची मागणी असावी. अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाकडून झाडाच्या पन्नास वर्षांची काळजी वाहिली जाणार नाही. कामगारांचा प्रश्न आणि निसर्गाचा प्रश्न हे दोन निरनिराळे मोर्चे नव्हेत, हे पटवून देण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

चौथे काम सहकारी गृहसंस्थांच्या सभांतील आहे. पुनर्विकासाच्या करारात आवाराचा काही भाग तरी खऱ्या जमिनीवर, स्लॅबविना राहील आणि जुनी झाडे जागची हलणार नाहीत, ही अट लिहून घेण्याइतकी सौदाशक्ती सभासदांपाशी असते. ती केवळ वाढीव चौरस फुटांसाठीच वापरावी असे कोणत्याही उपविधीत लिहिलेले नाही.

शरद ऋतू पुढील वर्षीही येईल आणि हिमालयापलीकडून पाखरे निघतील. त्यांना सीमा नाहीत, सातबारा नाही, मतदानाचा हक्क नाही. ती उतरतील तेथे माती असेल की फरशी, हे मात्र मतदानाचा हक्क असलेल्यांनी ठरवावयाचे आहे. ज्या वस्तीत धोब्याला उतरायला जागा उरत नाही, त्या वस्तीतील मुलालाही खेळायला आणि म्हाताऱ्याला टेकायला जागा उरलेली नसते. प्रभागातल्या मोकळ्या भूखंडाचा क्रमांक शोधून काढण्याचे काम या आठवड्यातच सुरू करता येईल.